‘सरकारविरोधी’ म्हणजे नेमके कोण?

विचारणा: अमेरिकेतल्या कडव्या उजव्या सशस्त्र गटांना मराठी बातम्यांत ‘सरकारविरोधी’ म्हणतात. पण ही माणसं राष्ट्रध्वज मिरवतात, राज्यघटनेची प्रत खिशात ठेवतात. मग हा शब्द चालेल?

प्रतिसाद: मला तो अपुरा वाटतो. आपल्याकडे सरकारविरोधी म्हटलं की मोर्चा, संप, विरोधी पक्ष. म्हणजे आज खुर्चीत असलेल्यांना विरोध. हे गट मात्र केंद्र सरकारचा अधिकारच मानत नाहीत, सत्तेवर कुणीही असो. आणि या नकाराला अनेकदा धर्माचा आधार असतो. विल्यम पॉटर गेल हा ‘ख्रिश्चन आयडेंटिटी’ या पंथाचा धर्मोपदेशक. गोरे युरोपीय हेच खरे इस्राएली, ही तिथली शिकवण. ज्यूद्वेष तिच्या मुळातच. १९७०च्या सुमारास ‘पॉसी कोमिटेटस’ चळवळ उभी राहिली तिच्या प्रवर्तकांत गेल होता. काउंटीच्या (जिल्ह्यासारखा विभाग) शेरीफपेक्षा वरचा कायदेशीर अधिकारी नाही, असं ती मानत असे. तिच्यातला नॉर्थ डकोटाचा शेतकरी गॉर्डन काल आयकराला सैतानाला दिलेला दशमांश समजे. (दशमांश म्हणजे देवाला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग; मराठी बायबलमधला हा शब्द इथे चपखल बसतो.) फेब्रुवारी १९८३मध्ये त्याला अटक करायला आलेल्यांशी झालेल्या गोळीबारात दोन केंद्रीय मार्शल (केंद्राचे पोलीस अधिकारी) ठार झाले. जूनमध्ये आर्कान्सात गॉर्डन काल मारला गेला, त्या चकमकीत एका काउंटी शेरीफचाही जीव गेला.

म्हणून मी ‘राज्यसंस्था नाकारणारे’ लिहीन. विचारसरणीला ‘धर्माधिष्ठित राष्ट्रवाद’. ‘धार्मिक’ नको, एकादशी करणारी आजीसुद्धा धार्मिकच असते.

आणखी एक प्रतिसाद: शेरीफला टीप जोडाच. मराठी वाचकाला मुंबईचे नगरपाल आठवतील, आणि ते नुसतं मानाचं पद. अमेरिकेत तो बहुतेक ठिकाणी निवडून आलेला, हाताखाली पोलीस असलेला अधिकारी. शिवाय ‘मिलिशिया’ला निमलष्करी दल म्हणू नका. आपली निमलष्करी दलं सरकारचीच, केंद्रीय राखीव पोलीस दलासारखी. ‘खासगी सशस्त्र गट’ म्हणा.

विचारणा करणारे: आणि २०१६मध्ये ओरेगनमधलं मॅलहूर अभयारण्य बळकावणारे अॅमन बंडी व साथीदार? त्यांना ‘मॉर्मन बंडखोर’ म्हणावं का?

प्रतिसाद: नको. बंडी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे आहेत आणि हे काम देवानं सांगितलं असं त्यांचं म्हणणं होतं, हे जरूर लिहा. पण त्यांच्याच चर्चनं या सशस्त्र कब्जाचा लगेच जाहीर निषेध केला होता, आणि धर्मग्रंथाचा हवाला दिल्याबद्दल चिंताही व्यक्त केली होती. ‘बंडी गट’ पुरे.