स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या भावाबहिणींचा ताण मोजायचा कसा?

प्रश्न (एमएसडब्ल्यू_कोल्हापूर):
नमस्कार, डिझर्टेशनसाठी हा विषय घेतलाय. गाईडनी कोहेनची पीएसएस, म्हणजे ताण मोजायची प्रश्नावली, वापरायला सांगितली, 10 प्रश्न, गेल्या महिन्यात असं किती वेळा वाटलं, प्रत्येकी 0 ते 4, एकूण 40. आधीच्या छोट्या चाचणीत (पायलट स्टडी) गुजरीत काम करणाऱ्या एका दादांचा स्कोअर फक्त 11 आला. पण फॉर्म भरताना त्यांनी चार वेळा घरी फोन लावला, "आई, त्यानं गोळी घेतली का?" आणि आई हो म्हणाली तरी परत लावला. उलटे मोजायचे चार प्रश्न तपासले, बेरीज बरोबर आहे. मग 11 कसे?

धाकटी_बहीण:
ताई, माझाही कमीच येईल बघा. गेला महिना बरा गेला, दादा गोळ्या घेतोय, जेवतोय. पण रात्री बाथरूमचा लाईट लागला की मी जागी, तो परत आडवा झाल्याचा आवाज येईस्तोवर डोळा लागत नाही, नऊ वर्षं झाली, आता त्याला ताण म्हणायचं हेच सुचत नाही. खरा घोर पुढचा हाय. आईबाबांनंतर कोण? स्थळ आलं की दादाचं कधी सांगायचं? आणि मलाही झालं तर? डॉक्टरांनी सांगितलं की सख्ख्या भावंडांत शंभरात साधारण 9 जणांना होऊ शकतो, एरवी शंभरात एखाद्याला. म्हणजे बहुतेकांना होत नाही, कळतं मला, तरी कुणी हाक मारल्यासारखं वाटलं की आधी गॅलरीत जाऊन खरंच कोण आहे का बघते. तुमच्या फॉर्मात हे कुठं लिहायचं?

समुपदेशक_शाहूपुरी:
वरच्या ताईंनी नेमकं सांगितलंय. पीएसएस महिन्यापुरतं विचारते, ती चुकीची नाही, पण एकटी पुरणार नाही. सांभाळणाऱ्यांवरचं ओझं मोजायची झारिटची 22 प्रश्नांची स्केल मुळात डिमेन्शिया झालेल्या वृद्धांना सांभाळणाऱ्यांसाठी. त्यापेक्षा चेन्नईच्या स्कार्फ या संस्थेची बर्डन असेसमेंट शेड्यूल बघा, तीही ओझंच मोजते, 40 प्रश्न, आपल्याकडच्या कुटुंबांवरच बेतलेली. तरी तीही मुख्य सांभाळणाऱ्याला धरून आहे, आणि तो मान बहुतेक घरांत आईचा, भाऊबहीण मधेच लटकलेले. म्हणून जोडीला मुलाखत घ्याच: लग्न, नोकरीसाठी बाहेर जाणं, आईबाबांनंतरचं, स्वतःला होण्याची भीती. आणि घरी घेऊ नका हो, आत पेशंट नि स्वयंपाकघरात आई असताना कोण खरं बोलेल? कुणी फारच खचलेलं दिसलं तर फॉर्म बाजूला ठेवा, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर द्या, फुकट आहे, मराठीतून बोलतात.

एमएसडब्ल्यू_कोल्हापूर:
लै आभार दोघांचे. धाकटी ताई, तुमचे तीन प्रश्न मुलाखतीत घेतले तर चालेल ना? गुजरीच्या दादांना आत्ताच फोन केला. परवा संध्याकाळी भेटतो म्हणाले, पण घरी नको, रंकाळ्यावर या.

धाकटी_बहीण:
घ्या की. आणि तुमच्या यादीत जागा असली तर मीबी येते.