'सिस्टिम्स थिंकिंग'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाची टिपणं मराठीत करतेय. 'सिस्टिम्स थिंकिंग'पाशी अडले, म्हणजे एकेक गोष्ट सुटी न बघता त्यांचा एकमेकींवर होणारा परिणाम बघत विचार करणं. आधीच्या मसुद्यात 'प्रणाली विचारसरणी' आहे, ते वाचून संगणक दुरुस्तीचा वर्ग वाटतो. सुचवा.

प्रतिसाद: 'यंत्रणा' का नको? 'आरोग्य यंत्रणा सज्ज' रोज पेपरात असतं.

प्रतिसाद: म्हणूनच नको. ती यंत्रणा म्हणजे माणसं, गाड्या, औषधं. (हिंदीत यंत्रणा म्हणजे यातना, हे जाता जाता.) मुळात सिस्टिमला आपल्याकडे एकच एक शब्द नाही: पचनसंस्था, सूर्यमाला, दशमान पद्धत, न्यायव्यवस्था. त्यातल्या त्यात 'संस्था' जवळचा, कारण तिथे एक अवयव बिघडला की दुसरा कुरकुरतो. 'परिसंस्था' तर रुळलाच आहे. पण 'संस्थाविचार' म्हटलं की डोळ्यांसमोर शिक्षणसंस्था आणि तिचे अध्यक्ष!

प्रश्नकर्ती: टिपणातलं उदाहरण देते, डेंग्यूचं. नळाला चार दिवसांनी पाणी, म्हणून घरोघरी ड्रम भरलेले. एडिस डासाला असं साठवलेलं स्वच्छ पाणी चालतं; अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस. धुरळणीने उडते डास मरतात, ड्रममधल्या अळ्या तशाच. पुन्हा डास, पुन्हा तक्रार, पुन्हा धूर. आशाताई 'कोरडा दिवस पाळा', म्हणजे आठवड्यातून एकदा साठवणीची भांडी रिकामी करून कोरडी ठेवा, असं सांगतात, तर बाया विचारतात, "ओतून दिलं तर परवापर्यंत वापरायचं काय?" शिवाय 'कोरडा' हा शब्द अर्धंच सांगतो. अंडी ड्रमच्या कडेला चिकटून पाण्यावाचून महिनोन्महिने तगतात, ड्रम घासावाच लागतो.

प्रतिसाद: मग 'साकल्याने विचार करणे' आहे की! 'साकल्यविचार' म्हणा.

प्रतिसाद: साकल्यात सगळं बघणं आलं, पण फिरून तिथेच येणं नाही आलं. धूर, डास, तक्रार, धूर याला 'दुष्टचक्र' हा चांगला शब्द आहे. 'लागेबांधे'ही छान होता, पण भ्रष्टाचाराच्या बातम्यांनी तो नासवला.

प्रश्नकर्ती: शीर्षकात 'साकल्यविचार', आणि खाली गटचर्चेला 'हे दुष्टचक्र कुठे तोडाल?' असं ठेवते. आता 'लीडरशिप' उरलं. 'नेतृत्व' लिहिलं की हार-तुरे दिसतात. शिवाय आरोग्य अधिकाऱ्याचा पाणीपुरवठ्यावर हुकूम कुठे चालतो?

प्रतिसाद: हुकूम नाही, पण पाणी सोडण्याचं वेळापत्रक आणि रुग्णांची यादी घेऊन तो पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याकडे जाऊ शकतो ना? त्याला आपण 'पुढाकार' म्हणतो.

प्रश्नकर्ती: पुढाकार. लिहिला.