विषय: शुक्रवारी २८ ला आपल्या ज्यू मशिदीत (सिनेगॉगमध्ये) मिन्यान (सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष), दोन माणसं कमी पडताहेत

अश्दोदहून (इस्रायल) माई, रविवार रात्री

शालोम सगळ्यांना.
आम्ही गुरुवारी पहाटे उतरतोय. मी, दादा, वहिनी, माझा धाकटा आणि सूनबाई. आईची पुण्यतिथी आपल्या पंचांगात ९ किस्लेव, म्हणजे शुक्रवारी २८ नोव्हेंबरला सूर्य मावळला की लागते. कद्दीश (गेलेल्यांसाठीची प्रार्थना, मिन्यान असेल तरच) दादा म्हणणार. गेल्या वर्षी काय झालं ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. नऊ जण जमले, दादा सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक) हातात धरून पाऊण तास दाराकडे बघत उभा राहिला आणि कद्दीश न म्हणताच घरी आला. रात्री जेवला नाही. यंदा तसं होऊ देऊ नका, एवढंच मागणं आहे.

काका, शुक्रवारची वेळ नेमकी किती धरायची? मलिदा (पोहे, नारळ आणि फळांचं नवसाचं ताट) शनिवारी रात्री करायचाय, नातीचा नवस आहे. मलिद्याची ताटं कपाटात परत आली का?

गब्बाय काका (मशिदीचे कारभारी), भायखळा, सोमवार सकाळी

माई, वेळ साडेपाच. या दिवसांत सूर्य सहाच्या आसपास जातो, मेणबत्त्या त्याच्या अठरा मिनिटं आधी. मिनहा (दुपारची प्रार्थना) त्याच्या आत झाली पाहिजे, मग कब्बालाथ शब्बाथ (शब्बाथ, म्हणजे शनिवार रात्रीपर्यंतचा विसाव्याचा दिवस, त्याचं स्वागत) आणि अरवित (रात्रीची प्रार्थना).

माणसांचं सांगतो. हझ्झान (प्रार्थना चालवणारे) धरून आम्ही नेहमीचे सहा. गल्लीतले आजोबा गणेशोत्सवात पडले तेव्हापासून जिना उतरत नाहीत, त्यांना मी यात धरलेलं नाही. तुमचे दोघे मिळून आठ. दोन हवेत. ज्यांना जमतंय त्यांनी बुधवारपर्यंत इथेच लिहावं. फोनवर ‘बघतो काका’ म्हणणाऱ्यांना मी यंदा धरणार नाही. गेल्या वर्षी त्याच ‘बघतो’वर मी माईंना होकार कळवला होता आणि तोंडघशी पडलो.

भाचा, सोमवार दुपारी (ऑफिसातून)

काका, मी यायला तयार आहे, पण साडेपाचला बीकेसीतून भायखळ्यात पोचणं शक्य नाही. शुक्रवारी चारला आमची साप्ताहिक मीटिंग असते. सव्वासात केलंत तर मी येतो, माझ्याबरोबर आणखी दोघे येतील, दोघेही आपलेच. जूनमध्ये सूर्य सव्वासातनंतर मावळतो तेव्हा आपण सातलाच सुरू करतो की. अरवित रात्र पडल्यावर म्हणायची असते, मग सव्वासातला काय अडतं? मिनहा जो तो आपापल्या जागी म्हणेल. आठ जण वेळेवर जमण्यापेक्षा अकरा जण उशिरा जमलेले बरे, असं माझं मत आहे.

गब्बाय काका, सोमवार दुपारी

अरवितचं म्हणतोस ते बरोबर आहे, रात्री म्हणता येते. पण सव्वासातला तू येणार कसा? टॅक्सीने किंवा लोकलने, म्हणजे शब्बाथ लागल्यानंतर, जेव्हा वाहनात बसायचं नसतं. शनिवारी सकाळी कोण कशाने येतं ते मी आजवर कुणाला विचारलेलं नाही, पुढेही विचारणार नाही. ज्याला जे जमतं ते तो करतो. पण मशिदीनेच वेळ अशी लावायची की माणसाला शब्बाथ मोडूनच यावं लागेल, हे माझ्या हातून होणार नाही. जूनचं उदाहरण इथे लागू नाही. जूनमध्ये तू सातला उजेडात पोचतोस.

ठाण्याची आत्या, सोमवार संध्याकाळी

मी गेल्या वर्षीही हेच लिहिलं होतं. ठाण्याला या. आपले लोक आता इथे राहतात, भायखळ्यात राहिलेत किती? शार हाशामाइम १८७९ सालचं आहे, कालचं नाही. तारीख तीच, कद्दीश तेच, हेखालसुद्धा (तोरा ठेवायचं कपाट) तिकडच्यासारखंच पश्चिमेला, यरुशलाइमकडे तोंड करून. माईंची उतरायची सोय माझ्याकडे आहे, मशीद चालत दहा मिनिटांवर. दर वर्षी त्या दोन माणसांसाठी साऱ्या लिस्टला गळ का घालायची?

आणि मलिद्याचे पोहे कोण आणतंय? मागे पातळ पोहे आणले होते, भिजवल्यावर पार लगदा झाला. नवसाचं ताट तसं दिसू नये.

शमाश (मशिदीची देखभाल करणारे), सोमवार रात्री

पोह्यांबद्दल. जाडे पोहे मी आणून ठेवलेत, दोन किलो. मागचे पातळ पोहे मी आणले नव्हते. तेव्हा मी रत्नागिरीला होतो आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे नव्हती. ताटं परत आलीत, सात. आठवं आलेलं नाही, ज्यांच्याकडे आहे त्यांनी आणून द्यावं.

नारळ शुक्रवारी दुपारी चारच्या आत खवून फ्रीजमध्ये ठेवायचे. शब्बाथ सुटल्यावर खवायला बसलं की नऊ वाजतात आणि लहान पोरं झोपतात. खवायला कोण येतंय तेवढं कळवा. खजूर, केळी, सफरचंद, चिकू, संत्रं ही पाच फळं मी घेतो. गुलाब भायखळ्याच्या बाजारातून शनिवारी आणता येणार नाहीत, म्हणून शुक्रवारीच आणून ओल्या फडक्यात ठेवीन.

सूनबाई, अश्दोद, सोमवार रात्री

शमाशकाका, एक विचारू का? केळ्याची बेराखा (खाण्याआधीचा आशीर्वाद) वेगळी का म्हणतात? इथे मलिद्याच्या वेळी मुलं मला विचारतात आणि मला नीट सांगता येत नाही.

शमाश, मंगळवार सकाळी

केळ हे झाड नाही म्हणून. खोड दिसतं, पण त्यात लाकूड नसतं. घड उतरला की ते मरतं आणि खालून नवा कोंब येतो. म्हणून केळ्यावर ‘हाअदामा’, जमिनीतलं फळ. खजुरावर ‘हाएत्स’, झाडाचं फळ. पोह्यांची वेगळी आणि गुलाबाला सुगंधाची. मुलांना केळ्याचं खोड कापून दाखवा, लगेच कळेल. माझ्या आईने मला चौलच्या वाडीत तसंच दाखवलं होतं.

लोदहून नाना, मंगळवार दुपारी

वाचतोय सगळं. मला विमानात बसायला डॉक्टर परवानगी देत नाहीत, नाहीतर दहावा मीच झालो असतो.

‘दहा माणसं, नऊ माणसं’ असा हिशेब इथे चाललाय म्हणून एक आठवण सांगतो. माझे वडील माणसं आकड्यांत मोजत नसत. दारात उभे राहायचे आणि येणाऱ्या प्रत्येकावर एक शब्द ठेवायचे: होशिया, एत, अमेखा, उवारेख, एत, नहलातेखा, उरएम, वेनसएम, अद, हाओलाम. स्तोत्रातली दहा शब्दांची ओळ आहे ती. ‘तुझ्या लोकांना तार आणि तुझ्या वतनाला आशीर्वाद दे.’ शेवटचा ‘हाओलाम’ ज्याच्यावर पडे त्याच्या खांद्यावर ते हात ठेवत. मी तेरा वर्षांचा झालो त्या आठवड्यात तो हात माझ्या खांद्यावर पडला. तळहाताला खोबरेल तेलाचा वास होता, कारण दिव्यांचे पेले तेच भरायचे. खाली पाणी, वर तेल, त्यावर तरंगती वात.

आणि आत्याबाई, भायखळ्यात राहिलेत किती, असं लिहू नका. सामुएल दिवेकरांनी १७९६ मध्ये पहिली मशीद बांधली. टिपूच्या कैदेतून सुटून आले म्हणून बांधली. तेव्हा तरी मुंबईत आपले किती होते? मोजक्याच माणसांवर ती उभी राहिली. मस्जिद स्टेशनाचं नावही तिच्यावरूनच पडलं, असं आमच्या घरी सांगत.

ठाण्याची आत्या, मंगळवार दुपारी

नाना, मी कुणाला कमी लेखलं नाही. मी तिथलीच आहे, सर एली कदूरी शाळेत माझी दहा वर्षं गेलीत. पण इमारत ठेवणं वेगळं आणि शुक्रवारी दहा माणसं उभी करणं वेगळं. आम्ही इथे घरोघर फोन करून ती उभी करतो.

अश्दोदहून माई, मंगळवार रात्री

आत्या, तुमचं घर मला परकं नाही आणि बोलावलंत ते मनापासून, हेही जाणते. पण आईचं सांगते. वरच्या माळ्यावर डाव्या बाजूला, कठड्यालगतच्या बाकावर तिची जागा. तिथून तिला खाली बाबांची टोपी दिसायची. चाळीस वर्षं ती तिथेच बसली. कठड्याच्या लाकडावर तिच्या बांगड्यांची खूण पडली आहे, मी दर खेपेला तिच्यावर बोट फिरवते. शनिवारी घरी आल्यावर किद्दुशचं (शब्बाथच्या आशीर्वादाचं) शरबतही तीच करायची. काळ्या मनुका गुरुवारी रात्री भिजत घालायची, शुक्रवारी हाताने कुस्करून मलमलच्या फडक्यातून गाळायची. फडकं पिळताना मला हात लावू द्यायची नाही. मी पिळलं की गाळ उतरतो म्हणायची. कद्दीश कुठेही म्हटलं तरी पोचतं, हे मला कळतं. पण दादाला ते त्या माळ्याखाली उभं राहून म्हणायचंय. एकदाच.

भाचा, मंगळवार रात्री

माई, मी मीटिंग सोडतो. मॅनेजरला आत्ताच कळवलं, अर्धी रजा टाकलीय. पाचला मशिदीत असेन. माझ्याबरोबरच्या दोघांचं मात्र जमत नाहीये, ते नोकरीत अजून नवीन आहेत, त्यांना आग्रह करणार नाही. काका, मला धरा. हे ‘बघतो’ नाही. वेळेचं मी बोललो ते हट्टाने नव्हतं. माझ्या वयाच्या आपल्या मुलांना नोव्हेंबर ते फेब्रुवारी शुक्रवार मिळतच नाही, त्यावर कधीतरी बसून बोलायला हवं.

गब्बाय काका, बुधवार सकाळी

धरलं. नऊ. तू म्हणतोस त्यावर बसू, हनुक्का झाला की लगेच. गुरुवारी सकाळीही सेफेर (तोराची गुंडाळी) निघतो, सोमवारीही निघतो. ऑफिसच्या आधी सातला, तासाभरात सुटता. तरुण मुलांसाठी तो दिवस धरता येईल, असं बरेच दिवस मनात आहे.

पण आत्ता एक माणूस हवा. नऊवर मी माईंना होकार देणार नाही.

ठाण्याची आत्या, बुधवार दुपारी

काका, आमच्याकडचे दोघे घ्या. हे आणि धाकटा. धाकट्याचं बार मित्झ्वा (तेरा वर्षं झाल्याचा विधी) पेसाख सणानंतर झालंय, तो धरला जातो. त्याला अजून कुठे दहावा म्हणून उभं राहायला मिळालेलं नाही, आमच्याकडे तो नेहमी पंधरावा-सोळावा असतो. नानांची मेल त्याला वाचून दाखवली. ती दहा शब्दांची ओळ त्याने वहीत उतरवून घेतलीय.

अडचण मुक्कामाची आहे. शाळा सुटल्यावर साडेतीनच्या फास्टने निघाले की साडेचारपर्यंत मशिदीत. पण रात्री परत ठाण्याला येणार नाहीत. काका म्हणाले ते मलाही पटतं. यायचंच तर शब्बाथ धरून यायचं. वरच्या हॉलमध्ये झोपायची सोय होईल का? शनिवारची सकाळची तफिल्ला (प्रार्थना) करतील, दिवसभर तिथेच राहतील आणि रात्री मलिदा झाला की निघतील. मीही येते. नारळ मी खवते, माझी विळी घेऊन येईन. तिथली बोथट आहे.

दोन्ही दिवसांसाठी बिरडं मी करून आणीन. शुक्रवारचं गरम मिळेल, शनिवारी दुपारी थंडच खावं लागेल. नारळाच्या दुधात केलेलं थंडही चांगलं लागतं.

अश्दोदहून माई, बुधवार दुपारी

आत्या, काय लिहू. मी दादाला फोनवर वाचून दाखवलं, तो काही बोललाच नाही, फोन वहिनीकडे दिला. मनुका मी इथून आणत नाही, तिथल्याच घेईन. गुरुवारी रात्री भिजत घालते. फडकं तुम्ही पिळा.

गब्बाय काका, बुधवार संध्याकाळी

अकरा झाले. वेळ साडेपाच, पाचपर्यंत जमा. यादी बंद करत नाही, आणखी कुणी आलं तर आनंदच आहे. आजोबांना खुर्चीवर बसवून दोघांनी खाली आणायचं भाच्याच्या मनात आहे, त्यांच्या मुलीशी बोलून घेतो.

शमाश, बुधवार रात्री

हॉलमध्ये गाद्या पाच आहेत. तीन चांगल्या, दोन पावसात भिजल्या होत्या, आज गच्चीवर उन्हात टाकल्या. चादरी आणि उशा घरून आणा. हॉलचा एक पंखा आणि जिन्यातला दिवा शुक्रवारी साडेपाचलाच लावून ठेवीन, ते शनिवारी रात्रीपर्यंत चालू राहतील, कुणी बटणाला हात लावू नका. पाण्याचे दोन जार मागवलेत. माळ्यावरचा डावीकडचा बाक मी आज पुसला. कठड्याला पॉलिश करायचं चाललं होतं, ते थांबवलंय.

आठवं ताट अजून आलेलं नाही.