मदत हवी आहे : फायब्रोलॅमेलर लिव्हर कॅन्सर, गोळ्या सुरू करण्याआधी दुसरं मत (ठाणे)

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्यात वागळे इस्टेटला राहतो. धाकट्या भावाचं वय २६. पोट जड वाटतं, जेवण जात नाही म्हणून सोनोग्राफी केली, तर यकृताच्या डाव्या भागात मोठी गाठ निघाली. दारूचा थेंब नाही, हिपॅटायटिस बी-सी निगेटिव्ह, सिरॉसिस नाही. तरी "पीत असेल हो" म्हणणारे भेटतातच, आणि आईला ते फार लागतं.

एएफपी (लिव्हर कॅन्सरमध्ये बऱ्याचदा वाढणारी रक्तातली खूण) नॉर्मल आलं म्हणून आधी "साधी गाठ असेल" असा धीर मिळाला. सीटीत मात्र गाठीच्या मधोमध व्रण आणि त्यात कॅल्शियमचे ठिपके दिसले. असा व्रण एफएनएच या निरुपद्रवी गाठीतही असतो, म्हणून बायोप्सी केली. रिपोर्ट : मोठ्या गुलाबी पेशी, त्यांच्यामधून थरांसारखे तंतूंचे पट्टे, सीके७ आणि सीडी६८ (पेशींचा प्रकार ओळखायच्या खुणा) पॉझिटिव्ह, "फायब्रोलॅमेलर कार्सिनोमाची शक्यता". वाचल्यावर कळलं की हा प्रकार तरुणांमध्ये, निरोगी यकृतातच होतो आणि त्यात एएफपी बहुधा वाढत नाही.

हॉस्पिटल म्हणतं, गाठ मोठी आहे, लगेच गोळ्या सुरू करू. ऑपरेशन होईल का, याचं सरळ उत्तर कोणी देत नाही. सीटीत फुप्फुसं स्वच्छ आहेत, यकृताजवळची एक लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) मात्र सुजलेली आहे. एवढ्यावरून ऑपरेशन बाद होतं का? निदान पक्कं कसं करायचं? टाटाच्या खारघरच्या केंद्रात, ॲक्ट्रेकला जावं की थेट परळच्या टाटा हॉस्पिटलला? कोणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद :

ताई, माझ्या मावसबहिणीला हाच आजार होता, म्हणून लिहिते. यकृताच्या ऑपरेशनसाठी थेट टाटाला, परळलाच दाखवा. या प्रकारात गाठ पूर्ण काढणं हाच मुख्य उपचार. सुजलेली नोड दिसली म्हणून सर्जन नाही म्हणतीलच असं नाही, बहिणीच्या त्याच ऑपरेशनमध्ये नोड्सही काढल्या. तुम्हाला सांगितलेल्या गोळ्या बहुतेक नेहमीच्या लिव्हर कॅन्सरच्या असतील. त्या सुरू करण्याआधी यकृताच्या सर्जनचं मत घ्याच.

लॅबमधून बायोप्सीच्या स्लाइड्स आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) दोन्ही मागून घ्या, नुसता रिपोर्ट चालत नाही. सीटीची फिल्म नको, सीडी घ्या. या आजारात दोन जनुकं जोडली जातात, त्या डीएनएजेबी१-पीआरकेएसीए जनुकजोडणीची तपासणी त्याच ब्लॉकवर होते. ही जोडणी २०१४ मध्ये सापडली. ती मिळाली तर निदानाला मोठं बळ येतं. तारीख मिळेपर्यंत 'नव्या' सेवेतून टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या (देशातल्या कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाळ्याच्या) तज्ज्ञांचं लेखी मत ऑनलाइन मागवता येतं.

आणखी एक, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. भाऊ अचानक गुंगल्यासारखा वाटला, असंबद्ध बोलू लागला तर अशक्तपणा समजून झोपवू नका. या आजारात यकृत चांगलं असूनही रक्तातला अमोनिया वाढू शकतो. तडक इमर्जन्सीत न्या आणि अमोनिया तपासा असं स्वतःहून सांगा.

नोडचं माप आणि गाठ कुठल्या शिरेला टेकली आहे ते इथे लिहिलंत, तर सर्जनला काय विचारायचं ते सांगते.