फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतले तुमचे अनुभव लिहा

मीनल_त
काल पुण्यात एका दुकानात कोंते चीजचा तुकडा दिसला आणि त्या वासाबरोबर पूर्व फ्रान्समधला सगळा जुरा भाग डोळ्यांपुढे उभा राहिला. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही बेझांसोंला राहायचो. सुट्टीला आर्ब्वाकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तांबड्या-पांढऱ्या माँबेलियार गाई, गळ्यात घंटा. गावोगावी शेतकऱ्यांची सहकारी डेअरी, तिला फ्रुतिएर म्हणतात. आसपासच्या गोठ्यांतलं दूध तिथे येतं आणि साधारण ४०० लिटर दुधातून ४० किलोचं एक चाक होतं. मग ते महिनोन् महिने तळघरात. आमच्या डेअरीतले आजोबा चाकावर छोटी हातोडी वाजवून आवाजावरून आत काय चाललंय ते सांगायचे. मी तासन् तास बघत बसे.
तिथली पिवळी वाइन, व्हँ झोन, पिंपात सहा वर्षांहून जास्त ठेवतात. पिंप रिकामं होत जातं तरी वरून भरत नाहीत, वाइनवर यीस्टची साय धरते. अक्रोड आणि कोंतेबरोबर ती प्यायची. लुई पाश्चर आर्ब्वातच वाढले, त्यांचा द्राक्षमळाही तिथेच. तुम्हीही लिहा, कुठलाही भाग चालेल.

कोथरूडकर
दुकान कुठलं? भाव काय लावला?

सुगरण_७२
शाकाहारी मंडळींसाठी एक सांगते. कोंते आणि रोकफोर दोन्हींत प्राण्याच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजणासारखं द्रव्य असतं. आमच्या सासूबाईंना आधी सांगितलं नव्हतं कोणी, त्यांना फार लागलं मनाला. जाताना विचारून घ्या. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

निफाडचा_बागायतदार
आम्ही द्राक्षवाले अभ्यासदौऱ्याला बोर्डोला गेलो होतो. आपल्याकडे डावणीला, म्हणजे द्राक्षाच्या पानांवरच्या बुरशीच्या रोगाला, बोर्डो मिश्रण मारतो ना, मोरचूद आणि चुना, ते तिथलंच. तिथल्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर लोकांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून हे निळं पाणी शिंपडायचे. नेमक्या त्याच वेलींची पानं डावणीतून वाचली, ते मियार्दे या प्राध्यापकांच्या नजरेस आलं आणि १८८५ मध्ये त्यांनी ते छापलं. ती बाग बघताना मला हात जोडावेसे वाटले. आजही पावसाळी दिवसांत आमचा आधार तोच.
मांडव नाही, वेली कमरेएवढ्या, तारेवर. छाटणी हिवाळ्यात एकदाच, आपल्यासारखी एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी नाही. सँतेमिलियोंला चुनखडीच्या एकाच खडकात कोरलेलं चर्च आहे, मला वेरूळच आठवलं.

रेवा
@निफाडचा_बागायतदार दादा, तिथेही अमेरिकन खुंटावरच, म्हणजे अमेरिकन जातीच्या मुळांवरच, कलम करतात का?

निफाडचा_बागायतदार
हो ताई. १८६० च्या दशकात फायलोक्सेरा हा किडा आला, मुळं खाऊन त्याने बागाच्या बागा संपवल्या. अमेरिकन जातींची मुळं टिकली, म्हणून त्यांवर फ्रेंच काडी बांधली. आमच्याकडे डॉगरिज खुंट वापरतो तोही अमेरिकन जातीचाच, पण तो क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी. यंदा काय, पावसाने छाटणीचं सगळं वेळापत्रकच उलटंपालटं केलंय.

रेवा
आमच्या मामांकडेही तेच. सांगलीला.

पदयात्री
ल प्वीहून काँकपर्यंत चालत गेलोय. स्पेनमधल्या सँतियागोच्या ख्रिस्ती यात्रेची जुनी वाट. ल प्वीची हिरवी मसूर ज्वालामुखीच्या मातीत पिकते, शिजल्यावर फुटत नाही. गाजर-कांद्याबरोबर खाल्ली, घरच्या जेवणाची भूक भागली. पुढे ओब्राकचं पठार, झाडं विरळ, दगडी गडगे, गवत आणि वारा. तिथे आलिगो मिळतं: बटाटा, ताजं तोम चीज, साय, लसूण. लाकडी डावाने ओढत ओढत इतकं घोटतात की हातभर तार निघते. दिवसभर चालून आलेल्या माणसाला याहून चांगलं काही नाही.
काँकच्या मठाच्या खिडक्या सुलाझ या चित्रकाराच्या, १९९४ च्या. रंग नाही, फक्त दुधी काच आणि काळ्या रेघा. संध्याकाळी आत बसून राहा.

सुगरण_७२
आले परत. आलिगोची कृती टाका हो कोणीतरी, आपल्याकडे तोमऐवजी काय घ्यायचं?

अनघा_ना
पेरिगोरमध्ये लास्को, आदिमानवाच्या चित्रांची गुहा, बघितली का कोणी? मूळ गुहा १९४० मध्ये चार मुलांना सापडली, १९६३ ला बंद केली, माणसांच्या श्वासानेच चित्रं खराब व्हायला लागली म्हणून. आता माँतिन्याकला हुबेहूब प्रतिकृती आहे. बाबांना नेलं होतं. मोठ्या बैलांपुढे ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हात किती स्थिर होता गं यांचा." बाबा साइनबोर्ड रंगवायचे. आता ते नाहीत.

मीनल_त
अनघा, वाचून भरून आलं. बाबांबद्दल आणखी लिही.

कोथरूडकर
@पदयात्री मे महिन्यात जायचा विचार आहे, वय ६२. जमेल का?

पदयात्री
काका, नक्की जमेल, रोज थोडंच चाला. ओब्राकवर मेमध्येही गारठा असतो, स्वेटर आणि पावसाचं जाकीट हवंच. मुक्कामाची जागा आधी फोन करून ठेवा, त्या दिवसांत गर्दी असते.