नोकरी करून विणकाम-भरतकाम कसं जमवता तुम्ही लोक? (नाशिक)

सुईदोरा_इंदिरानगर
नमस्कार मंडळी, नोकरी अंबड एमआयडीसीत, क्वालिटीला. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसते ती संध्याकाळी साडेसहाला घरी, मग स्वयंपाक, लेकाचा अभ्यास, सासूबाईंची औषधं, उद्याचे डबे. कपाटात एक स्वेटर पडलाय, पाठ झालीये आणि पुढचा भाग सुयांवरच लटकलेला, एक क्रॉस स्टिचचा गणपती आहे ज्याची अजून सोंडच झालीये, आणि डोक्यात तिसरंच, घरच्या घरी नैसर्गिक रंग करून बघायचेत, आईच्या जुन्या सुती साड्या रंगवून गोधडी करायचीये. नवरा म्हणतो आधी एक काहीतरी संपव. रविवारी बसायचं ठरवते पण रविवार पाहुण्यांचा नाहीतर भाजीबाजाराचा. कृपया पहाटे पाचला उठायला सांगू नका, ते व्हिडिओ सगळे बघून झालेत. जे खरंच करतायत त्यांनी सांगा.

उलटसुलट_काकू
अगं वेळ किती आहे ते बघूच नकोस, डोकं किती शिल्लक आहे ते बघ. मी कैक वर्षं पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोड-दादर केलं, आता रिटायर. आमच्या डब्यात विणणाऱ्या बऱ्याच जणी होतो. सकाळी जाताना डोकं ताजं तेव्हा मोजायची वीण, जाळी वगैरे, आणि येताना सगळ्या पेंगत असायच्या तेव्हा नुसतं सुलट-सुलट, मफलर नाहीतर स्वेटरची पाठ. कसाऱ्याच्या बोगद्यांत अंधारलं तरी हात थांबायचे नाहीत, सुलट टाका बोटांनाच कळतो. भरतकाम मात्र गाडीत कधी नेलं नाही, सुई सीटखाली गेली की गेली, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात दोऱ्याचे दोन हिरवे ओळखू येत नाहीत.

तुझा गणपती हे मोजायचं काम आहे, ते दमलेलं असताना काढूच नकोस, एक चौकट सरकली की उसवण्यात संध्याकाळ जाते. आणि स्वेटर पुढच्या भागावर लटकलाय म्हणजे गळा आला असणार, बरोबर ना? सगळ्यांचं तिथेच अडतं कारण टाके कमी करताना दोन्ही बाजूंचा हिशोब ठेवावा लागतो. तो सुट्टीच्या दिवशी दुपारी कर आणि एरवी दुसऱ्या सुयांवर बाही चालू कर. फक्त खूप दिवसांनी हातात घेशील तर आधी छोटा तुकडा विणून जुन्या पाठीशी लावून बघ, हात सैल-घट्ट झालेला असतो. सुया पण त्याच नंबरच्या घे. आपले जुने नंबर उलटे चालतात, नंबर वाढला की सुई बारीक, १० म्हणजे सव्वातीन मिमी आणि ८ म्हणजे ४ मिमी. ऑनलाइन मिमीवर मिळतात, तिथे लोक फसतात.

गाठ_पडली
काकूंशी सहमत पण कंपनीच्या बसमध्ये विणकाम? त्रिमूर्ती चौकातून पुढे अंबडकडे निघालं की खड्ड्यात सुई शेजारणीच्या कुशीत 😀 न्यायचंच तर गोल सुया ने, म्हणजे वायरने जोडलेल्या दोन सुया, आखूड असतात आणि टाके वायरवर सरकवून ठेवता येतात. माझं मत विचारशील तर बससाठी क्रोशा. क्रोशात एका वेळी एकच टाका उघडा असतो, तो जरा मोठा ओढायचा, सेफ्टी पिन अडकवायची आणि स्टॉप आला की उतरायचं. विणकामात अख्खी ओळ सुईवर उघडी असते, मध्येच निसटली की बोंब. मी छोटे चौकोन करते, एक चौकोन एका बैठकीत होतो, जोडायचं नंतर. आणि मार्चनंतर लोकर बंद, घामाच्या हाताला चिकटते, तेव्हा सुती दोरा. स्वेटर पावसाळ्यात हातात घेतला तरच निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येईपर्यंत अंगावर येतो, नाहीतर संक्रांत गेल्यावर तयार होतो आणि पुढच्या वर्षी लेकाला आखूड.

भरतकामाचं एक सांगते, वेळ टाक्यांत जात नाही, तयारीत जातो. अँकर कंपनीच्या दोऱ्याची लडी ८ मीटरची आणि सहा पदरी, त्यातून दोन पदर वेगळे करा, हातभर कापा, ओवा, यातच दहा मिनिटं जातात आणि तेवढ्यात कोणीतरी चहा मागतं. मी सिरीयल बघताना नुसते दोरे कापून सात-आठ सुया ओवून पिनकुशनला खोचून ठेवते. मग पंधरा मिनिटं मिळाली तरी पंधराच्या पंधरा टाक्यांची. कापड ताणून धरायची रिंग मात्र काढून ठेवायची, आठवडाभर तशीच राहिली तर कापडावर गोल वळ पडतो आणि त्यात धूळ बसते, ती धुऊनही लवकर जात नाही.

कांदेनवमी
रंगाबद्दल मी बोलते, माझं माहेर लासलगावजवळ. लोकांना वाटतं रंगाईला अख्खा दिवस लागतो, पण त्यात तुझे स्वतःचे हात फार थोडा वेळ लागतात, बाकी सगळं भिजत पडणं. आमच्याकडे कांदा साठवायच्या चाळीत निवडायला बसले की सालपटांचा खच पडतो, आई पिशवी भरून ठेवते. तुला तेवढं नको, भाजीवाल्याकडे मागितलंस तर टोपलीच्या तळाची फुकट देईल.

साड्या सुती आहेत म्हणजे थोडी जास्त तयारी, सुतावर रंग सहज चढत नाही, रेशीम आणि खऱ्या लोकरीवर चढतो. आधी धुण्याचा सोडा घालून उकळून खळ आणि तेलकटपणा काढ. पहिल्या रात्री हिरड्याच्या पुडीच्या पाण्यात कापड बुडव आणि झोप. दुसऱ्या रात्री पिळून तुरटीच्या पाण्यात, १०० ग्रॅम कोरड्या कापडाला १५ ते २० ग्रॅम तुरटी, गरम पाण्यात नीट विरघळवून. तिसऱ्या संध्याकाळी कापडाच्या वजनाइतकी सालं तासभर मंद उकळ, गाळ, त्यात कापड घालून पुन्हा मंद आचेवर तासभर ठेव, अधूनमधून हलव म्हणजे डाग पडणार नाहीत, मग गॅस बंद कर आणि सकाळपर्यंत तसंच राहू दे. उकळतंय तोवर पोळ्या होतात. रंग पिवळा-सोनेरी येतो, लाल कांद्याची सालं जास्त घेतलीस तर तांबूस. त्याच पाण्यात गंजके खिळे टाकलेस तर मळकट हिरवा, मला तो जास्त आवडतो. डाळिंबाची सालं पण टाकून देऊ नकोस, वाळवून ठेव, त्यांचा पिवळा छान येतो आणि हिरड्याच्या जागी पण चालतात. हळदीच्या नादी लागू नको, पहिल्या दिवशी झकास दिसते आणि उन्हात उडून जाते. वाळवायचं सगळं सावलीतच.

भांडं स्वयंपाकातलं अजिबात वापरू नको, भंगारवाल्याकडून जुनं स्टीलचं पातेलं घे. सासूबाईंना पण आधी सांगून ठेव, वास येतो!

खिळे_आणि_धागे
इथे सगळ्या ताया-काकूच दिसतायत, एका दादाची भर. सातपूरला टूलरूममध्ये आहे, तिन्ही शिफ्ट. काकू म्हणतात डोकं बघ, मी म्हणतो जागा बघा. जे काम कपाटातून काढून पसरावं लागतं आणि परत आवरावं लागतं ते होत नाही, संपला विषय. येवल्याला मागावर पैठणी बघितली, पदर भरताना प्रत्येक रंगाचा धागा गुंडाळलेली वेगळी छोटी तिल्ली, जिथे रंग बदलतो तिथे दोन धागे एकमेकांत अडकवतात, त्यामुळे मागच्या बाजूला लोंबणारे धागे नसतात. विणकर शेजारच्याशी बोलतोय आणि बोटं मोराच्या मानेत! घरी येऊन जुन्या फोटोफ्रेमच्या वरच्या-खालच्या पट्टीला अर्ध्या अर्ध्या सेंटीमीटरवर खिळे ठोकले, सुती दोऱ्याचा ताणा (उभे धागे) आणि उरलेली लोकर पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर गुंडाळून तिल्ल्या. रेशीम नाही, जर नाही, पण युक्ती तीच. फ्रेम हॉलमध्ये भिंतीला टांगलेली असते, नाइट करून आलो की झोपेआधी चार ओळी. मुलगी जाता-येता हात मारते, वाकडं जातं, राहू देतो.

आणि ‘आधी एक संपव’ हे नवरेमंडळींना सांगायला काय जातं, आमच्या मित्रांच्या गॅरेजमध्ये अर्धवट उघडलेल्या बाइक्स मोजा म्हणावं.

सुईदोरा_इंदिरानगर
दादा हे मी नवऱ्याला वाचून दाखवलं, गप्प आहे 😂 काकू, गळाच आहे हो! बाही आजपासून चालू करते, गणपती दिवाळीच्या सुट्टीपर्यंत कपाटात. बससाठी क्रोशा घेते, मधल्या सीटवर सुया नकोच. कांदेनवमी ताई, साड्यांना हात लावायची भीती वाटतेय, आधी स्वेटरची उरलेली पांढरी लोकर रंगवून बघू का?

कांदेनवमी
बघ, पण आधी लेबल वाच. आपल्याकडे दुकानात मिळणारी बरीचशी ‘लोकर’ अॅक्रिलिक असते, तिच्यावर कांदा काय, काहीच नैसर्गिक चढणार नाही, फुकट गॅस जाईल. लेबल हरवलं असेल तर एक धागा चिमट्यात धरून मोरीत जाळ. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटाने चुरगळली तर खरी लोकर, वितळून टोकाला कडक गुठळी झाली तर अॅक्रिलिक. खरी निघाली तर हिरडा नको, नुसती तुरटी, आणि पाणी खळखळ उकळू देऊ नको, ढवळू पण नको जास्त, गरमवरून एकदम गार नळाखाली तर अजिबात धरू नको, आटून, धागे एकमेकांत घट्ट अडकून नमदा होतो. आणि अॅक्रिलिक निघाली तर साड्यांच्याच काठाकडची एक पट्टी फाडून तिच्यावर कर, गोधडीत तुकडेच तर लागणारेत.