मदत हवी आहे: रीडेव्हलपमेंट तोंडावर असताना सोसायटीने सोलर बसवावं का?

ठाण्यातली जुनी सोसायटी. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या कॉमन मीटरसाठी गच्चीवर १० किलोवॅट सोलर बसवायचा विचार आहे. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान हिशोबात धरलंय. नेट मीटरिंगची (जादा वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वजा करून घ्यायची सोय) चौकशी झाली, सावली फक्त टाकीच्या कोपऱ्यात पडते. कर्ज नको, वर्गणी निघेल (कुरकुरत का होईना).

खरी मेख अशी की पाच-सात वर्षांत इमारत पाडली जाईल आणि पॅनल चालतात २५ वर्षं. म्हणून काहींचा कल रेस्कोकडे आहे: खर्च व्हेंडरचा, आपण युनिटमागे पैसे द्यायचे. पण ते करारही लांब मुदतीचे.

असा करार केलेल्यांनी मध्येच बाहेर पडायचं कलम कसं घातलं? आणि पॅनल उतरवून हलवायचा खर्च कोणाच्या माथी: सोसायटी, व्हेंडर की बिल्डर?